रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतं: आयबीएस समजून घेताना

दिवा स्टेशन सोडल्यावर गाडी थांबली आणि माझ्या पोटात मुरडा आला. सकाळची डोंबिवली फास्ट, लेडीज डबा, वर केलेला हात खाली घेता येऊ नये इतकी गर्दी. कपाळावर घाम फुटला, पाय गार पडले आणि डोक्यात एकच हिशोब सुरू झाला: ठाणं यायला अजून किती मिनिटं? आपल्या लोकलला संडास नसतो, हे त्या दिवसापर्यंत मला कधी जाणवलंच नव्हतं. ठाण्याला कशीबशी उतरले आणि ऑफिसला तासभर उशिरा पोचले. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं मी सकाळी उपाशीपोटी घर सोडत होते. कुठल्या स्टेशनात कुठल्या प्लॅटफॉर्मवर शौचालय आहे, कुठलं उघडं असतं आणि कुठल्याला कुलूप असतं, हे मला पाठ झालं होतं.

ज्यांनी हे भोगलंय त्यांना मी काय म्हणतेय ते आत्ताच कळलं असेल. ज्यांनी भोगलेलं नाही, पण घरातलं कुणीतरी सतत "पोट बिघडलंय" म्हणतं आणि आता त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे.

त्या चार वर्षांत माझी फाईल जाडजूड झाली. रक्ताच्या तपासण्या, शौचाची तपासणी, थायरॉइड, दोनदा सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. सोनोग्राफीच्या कागदावर तेवढं "आतड्यात गॅस जास्त" असं लिहिलेलं. एका दवाखान्यात मला सांगितलं गेलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." तिथून निघाले आणि जिन्यात बसून रडले. सासूबाई घरी रोज ओवा भाजून द्यायच्या, मायेनेच द्यायच्या, पण त्याही एकदा म्हणाल्या, "अगं, तू फार मनाला लावून घेतेस." मग मलाही वाटायला लागलं की आपणच नाटकं करतोय.

शेवटी ज्या पोटविकारतज्ज्ञांकडे मी पोचले, त्यांनी फाईल बाजूला ठेवून आधी प्रश्न विचारले. शौचाला जाऊन आल्यावर दुखणं कमी होतं का? पोटासाठी रात्री झोपेतून उठावं लागतं का? वजन उतरलंय का? हे सगळं सुरू कधी झालं? मी आठवून सांगितलं, एका जुलैत आमच्या बिल्डिंगमध्ये बऱ्याच जणांना गॅस्ट्रो झाला होता, मलाही झाला, सलाईन लावावं लागलं, आणि त्यानंतर पोट पूर्वीसारखं कधी झालंच नाही. ते म्हणाले, "या तपासण्या जे शोधतात ते तुम्हाला नाही. ते चांगलंच आहे. पण तुम्हाला आयबीएस आहे, आणि तो खरा आजार आहे."

"रिपोर्ट नॉर्मल" आणि "काही झालेलं नाही" या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

रूळ धड, सिग्नल बिघडलेला

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हळव्या झालेल्या आतड्याचा आजार. समजून घ्यायला मला लोकलचंच उदाहरण जवळचं वाटतं. सिग्नल बिघडला की काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. रूळ धड असतात, डबे धड असतात, मोटरमन जागेवर असतो, तरी गाड्या एकतर खोळंबतात नाहीतर एकामागोमाग एक येऊन धडकतात. दुर्बिणीच्या तपासणीला, सोनोग्राफीला, रक्ताच्या रिपोर्टला आतड्याचे रूळ आणि डबे दिसतात. सिग्नल दिसत नाही.

हा सिग्नल कसला? आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं एक स्वतंत्र जाळं असतं. त्यात १० कोटींहून जास्त मज्जापेशी असतात. घास गिळल्यानंतर तो पुढे पुढे सरकवत न्यायचं बरंचसं काम हे जाळं मेंदूला न विचारता करतं, मात्र मेंदूशी त्याचं बोलणं दोन्ही बाजूंनी सतत चालू असतं. मूड सांभाळणारं रसायन म्हणून ज्या सेरोटोनिनचं नाव आपण ऐकतो, त्यातलं सुमारे ९० टक्के आतड्यातच तयार होतं आणि तिथे ते आतड्याची हालचाल आणि जाणीव सांभाळतं. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येणं, वाईट बातमी ऐकून पोटात खड्डा पडणं, हे आपण जे बोलतो ते शब्दशः घडत असतं.

आयबीएसमध्ये या यंत्रणेत दोन गोष्टी बिनसतात. एक म्हणजे चाल: आतडं कधी फार वेगाने आकुंचन पावतं, कधी सुस्तावतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे संवेदना. १९७३ साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला. आयबीएस असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. इतरांना ज्या आकाराला काही विशेष वाटत नव्हतं, त्याच आकाराला आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना दुखायला लागलं. थोडक्यात, गॅस शेजारणीच्या पोटातही तेवढाच असतो, पण तिच्या नसा त्याची दखल घेत नाहीत आणि माझ्या नसा ओरडतात. म्हणून "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांवर रागावण्यापेक्षा मी आता त्यांना हा फुग्याचा प्रयोग सांगते.

अजून एक कोडं यातून सुटतं. "खाल्लं की लगेच जावं लागतं, अन्न अंगी लागतच नाही" ही तक्रार फार जण करतात. जठरात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची जन्मजात सोय आहे आणि सकाळी तिचा जोर जास्त असतो. सकाळच्या चहानंतर धडधाकट माणसालाही जावंसं वाटतं ते यामुळेच. आयबीएसमध्ये हीच हालचाल झटक्यासारखी होते. बाहेर पडतं ते आत्ता खाल्लेलं नसतं, आदल्या दिवशीचं किंवा त्याआधीचं असतं. आजचा घास अजून जठरातच असतो.

हे होतं कशामुळे, याला प्रत्येकाचं उत्तर वेगळं. माझ्यासारखं काहींचं गॅस्ट्रोनंतर सुरू होतं. आतड्याला जोरदार जंतुसंसर्ग झालेल्या साधारण १० जणांपैकी एकाला पुढे आयबीएस राहतो. जंतू जातात, सूज उतरते, पण नसा हळव्या होऊन बसतात. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की आपल्याकडे घरोघरी जुलाब होतात, त्यामुळे ही वाट मुंबईत अनोळखी नाही. काहींच्या घराण्यातच असतो. काहींना लहानपणचा किंवा नंतरचा मोठा ताण, काहींना अँटिबायोटिक्सचे लांबलेले कोर्स कारणीभूत होतात. जगभरात कडक निकष लावून मोजलं तरी १०० प्रौढांमागे साधारण चौघांना हा आजार निघतो. एका डब्यात आपल्यासारख्या किती जणी उभ्या असतील याचा हिशोब मी बरेचदा मनात करते.

ओळखायचा कसा

डॉक्टर ज्या निकषांवर चालतात त्यांना रोम निकष म्हणतात. त्यांची चौथी आवृत्ती २०१६ ची आहे. साध्या शब्दांत ती असं सांगते: गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखतंय, आणि त्या दुखण्याबरोबर पुढच्या तीनपैकी निदान दोन गोष्टी आहेत. दुखण्याचा शौचाशी संबंध आहे, म्हणजे जाऊन आल्यावर ते कमी होतं किंवा वाढतं. किती वेळा जावं लागतं ते बदललंय. शौच कशी होते, घट्ट की पातळ, ते बदललंय. आणि या सगळ्याची सुरुवात होऊन किमान सहा महिने झालेले असावेत.

यात "पोट दुखणं" हा शब्द कळीचा आहे. आपल्याकडे माणूस डॉक्टरांना "दुखतं" असं सांगतच नाही. "पोट साफ होत नाही", "पोट गच्च वाटतं", "गॅस होतो", "जाऊन आलं तरी अजून राहिलंय असं वाटतं", अशी आपली भाषा. फुगणं आणि अर्धवट साफ होणं ही आयबीएसची नेहमीची सोबत आहे, तेव्हा तेही सांगाच. पण कळ येते का, कुठे येते, कशाने थांबते, हे आवर्जून सांगा. त्यावर निदान अवलंबून असतं.

शौच कशी होते हे शब्दांत सांगायची लाज वाटते, म्हणून एक तक्ता आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी तो १९९७ साली मांडला. त्यात सात आकडे आहेत: १ म्हणजे लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे, ४ म्हणजे मऊ आणि एकसंध, ७ म्हणजे नुसतं पाणी. त्यावरून आयबीएसचे प्रकार पडतात. कुणाचा बद्धकोष्ठतेचा, कुणाचा जुलाबाचा, कुणाचा दोन्हींचा आलटूनपालटून. प्रकार कळणं गरजेचं, कारण जुलाबाची आणि बद्धकोष्ठतेची औषधं एकमेकांच्या उलट आहेत.

दुधाचा हिशोब लिहायला आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं. त्याच्याच तारखांवर मी बारीक अक्षरात माझा हिशोब लिहायला लागले: आकडा, कळ किती वाजता, आधी काय खाल्लं, झोप किती, पाळीचा कितवा दिवस. एका महिन्याच्या पानावरून मला दोन गोष्टी लख्ख दिसल्या. पाळीच्या आधीचे दोन दिवस हमखास वाईट जात होते. आणि शनिवार-रविवारी मी तेच सगळं खात असूनही सकाळचा मुरडा येत नव्हता. डॉक्टरांना माझ्या जाडजूड फाईलपेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडलं.

जिथे थांबायचं नाही

आता जे सांगते ते नीट वाचा. पुढच्यापैकी काहीही असेल तर घरच्या घरी आयबीएस ठरवून मोकळं व्हायचं नाही: शौचातून रक्त किंवा काळीभोर डांबरासारखी शौच, प्रयत्न न करता उतरलेलं वजन, ताप, रक्त कमी होणं, जुलाबाने किंवा दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, पोटात हाताला लागणारी गाठ, वयाच्या पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, जवळच्या नात्यात आतड्याचा कॅन्सर. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट नव्याने सतत फुगलेलं राहायला लागलं, तर आतड्याच्या आधी अंडाशयाची सोनोग्राफी व्हायला हवी.

आपल्या भागात एक नाव यात वरचढ आहे, ते म्हणजे आतड्याचा टीबी. टीबी फक्त छातीत होतो असं बरेच जण धरून चालतात. बारीक ताप, उतरलेलं वजन आणि बेंबीच्या उजवीकडे खाली दुखणं असेल तर तो विचार डॉक्टर करतातच, आणि तो वेळेत धरला की औषधांनी बरा होतो.

अशी लक्षणं नसतील तर तपासण्यांची जंत्री लागत नाही. हिमोग्लोबिनसह साधी रक्ततपासणी, सूज सांगणारं सीआरपी, थायरॉइड, गव्हाच्या ग्लूटेनने होणाऱ्या सिलियाक आजाराची रक्ततपासणी, आणि जुलाबाचा प्रकार असेल तर शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन. हे शेवटचं फार कामाचं. आतड्याला खरोखर सूज असेल तर ते वाढतं, आयबीएसमध्ये सहसा वाढत नाही. सरसकट प्रत्येकाला कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी, लागत नाही. खासगीत परवडत नसेल तर परळचं केईएम, सायन, नायर आणि भायखळ्याचं जेजे, या मोठ्या सरकारी रुग्णालयांत पोटविकाराचे वेगळे विभाग आहेत. केसपेपर काढायला सकाळी लवकर जायची तयारी ठेवावी लागते, एवढंच.

इथे एक मनातलं बोलते. शौचात शेंबडासारखा चिकट पदार्थ दिसला की आपण "आव पडली" म्हणतो आणि मेडिकलच्या काउंटरवरून जुलाब थांबवायच्या गोळ्यांची पट्टी घेतो. मीही घ्यायचे. तोंड कडू करणाऱ्या त्या मेट्रोनिडाझोलचे किती कोर्स झाले ते मोजलेलं नाही. आयबीएसमध्ये आव पडू शकते, तिथे अमीबाचा संबंध असतोच असं नाही. शौचाच्या रिपोर्टमध्ये अमीबा दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तसाच दिसणारा एक निरुपद्रवी जीवही असतो. दर महिन्याला अँटिबायोटिक घेऊन आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि पोट अजूनच हळवं होतं. कृपा करून ही सवय सोडा.

आपल्या स्वयंपाकघरातून

आहाराबद्दल सगळ्यात जास्त सल्ले मिळतात आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. माझं पहिलं म्हणणं असं की एकदम काही बंद करू नका. आधी वेळा सांभाळा. सकाळपासून उपाशी राहून दुपारी दोनला डबा बकाबक खायचा आणि रात्री दहाला परत भरपेट, हे मुंबईचं वेळापत्रक हळव्या आतड्याला सोसत नाही. थोडं थोडं, ठरल्या वेळी, बसून, चावून. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कपांच्या आत. मिरचीचा झणझणीतपणा कमी, कारण तिखटातलं कॅप्साइसिन त्याच हळव्या नसांना चेतवतं. तळलेलं कमी. एवढ्यानेही पुष्कळांना पन्नास पैसे फरक पडतो.

मग दूध. मोठेपणी दुधातली साखर न पचणं आपल्याकडे खूप आढळतं. दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम बंद करून बघा. दही बहुतेकांना चालतं, कारण विरजणात ती साखर बरीच कमी होते. तूप आणि पनीर सहसा त्रास देत नाहीत. दोन आठवड्यांनी काही फरक पडला नाही, तर दूध निर्दोष आहे. चहात घाला.

पुढची पायरी फॉडमॅपची. हा शब्द २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी आणला. काही प्रकारच्या साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्यांनाच मिळून हे नाव. त्या पाणी ओढत मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. हे प्रत्येकाच्याच पोटात होतं, फक्त हळव्या आतड्याला त्या ताणाची कळ लागते. या साखरा भरपूर कशात असतात? कांदा, लसूण, गहू, चणे, राजमा, वाटाणे, मटकी, फुलकोबी, मशरूम, सफरचंद, कलिंगड, आंबा, मध. म्हणजे पावभाजीची प्लेट घ्या: पाव गव्हाचा, भाजीत फुलकोबी आणि वाटाणे, वर कांदा, आत लसूण. मिसळीचंही तेच. "बाहेरचं तेल बाधलं" असं आपण म्हणतो, पण कित्येकदा बाधलेलं असतं ते हे.

चालतं काय, तर तांदूळ, ज्वारीची भाकरी, बटाटा, दुधी, गाजर, काकडी, पालक, वांगं, बेताची भेंडी, संत्रं, पपई, जरा कच्चट केळं. अंडी, चिकन, बांगडा, सुरमई यांत या साखरा नसतातच, फक्त वाटणातल्या कांदा-लसणाकडे लक्ष ठेवायचं. डाळ पूर्ण सोडू नका. मूगडाळ भिजवून, ते पाणी टाकून, बेताने खाल्ली तर बऱ्याच जणांना सोसते.

लसणावाचून आमटी माझ्या घशाखाली उतरत नव्हती. मग आहारतज्ज्ञ बाईंनी एक युक्ती शिकवली. लसणातली ही साखर पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. तेव्हा तेल तापवायचं, ठेचलेल्या चार पाकळ्या त्यात मंद आचेवर सोनेरी होऊ द्यायच्या आणि झाऱ्याने सगळ्या काढून टाकायच्या. एक तुकडाही राहू द्यायचा नाही. मग त्या तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि वर शिजलेली डाळ. वास सगळा येतो, त्रास येत नाही. पहिल्यांदा केली त्या दिवशी सासूबाईंनी वाटी पुढे केली आणि "आज लसूण छान लागलाय" म्हणाल्या. मी काही बोलले नाही, परत वाढलं. हे तेल मात्र रोजच्या रोज करायचं, लसूण मुरवलेलं तेल बाटलीत भरून ठेवणं सुरक्षित नसतं. आणि ज्यांना गव्हाचा त्रास आहे त्यांनी हिंगाच्या डबीवरची अक्षरं वाचावीत. बांधीव हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

फॉडमॅपमध्ये सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिथेच मुक्काम करणं. कडक पथ्य चार ते सहा आठवड्यांचंच असतं. त्यानंतर एकेक गट परत आणायचा: तीन दिवस थोडं थोडं वाढवत फक्त गहू, मग काही दिवस विश्रांती, मग फक्त कांदा, मग फक्त चणे. ज्याने त्रास होतो तेवढंच कमी करायचं, बाकीचं ताटात परत. मला कांदा आणि मटकी भोवते, गव्हाच्या दोन पोळ्यांनी काही होत नाही. हे कळलं तेव्हा मी पोळीला नमस्कार केला. वर्षानुवर्षं सगळं बंद ठेवलं तर आतड्यातले चांगले जंतूही उपाशी मरतात आणि माणूसही खंगतो. मुलांनी, गरोदर बायकांनी, आधीच वजन कमी असलेल्यांनी हा प्रयोग आहारतज्ज्ञांशिवाय करू नये.

फायबरचं थोडक्यात सांगते. "फायबर खा" म्हटल्यावर लोक गव्हाचा कोंडा खातात आणि फुगतात. आयबीएसला चालतो तो पाण्यात फुगून मऊ होणारा फायबर, म्हणजे आपला गुजरातेतला इसबगोल. बद्धकोष्ठतेत तो शौच मऊ करतो, जुलाबात पाणी धरून ठेवतो. अर्ध्या-एक चमच्यापासून सुरू करून आठवड्याआठवड्याने वाढवायचा आणि प्रत्येक वेळी पेलाभर पाणी प्यायचं. दोन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून डबा ठेवून देऊ नका, त्याला तीन-चार आठवडे लागतात.

औषधं, आणि डोक्याशी असलेलं नातं

कळ थांबवणारी औषधं आतड्याच्या स्नायूचा पीळ सोडवतात: मेबेव्हेरिन, डायसायक्लोमिन, पेपरमिंट तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल. जुलाबासाठी लोपेरामाइड, बद्धकोष्ठतेसाठी पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर. लॅक्टुलोजचं गोड सिरप आपल्याकडे खूप दिलं जातं, पण ती स्वतःच न पचणारी साखर असल्याने आयबीएसमध्ये पोट फुगवू शकते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या. खूप कुंथूनही होत नसेल, बोट लावावं लागत असेल, तर गुदद्वाराचे स्नायू सैल पडायच्या वेळी आवळत असण्याची शक्यता असते. त्याची वेगळी तपासणी असते आणि व्यायामाने तो दोष सुधारतो. कमोडवर बसताना पायाखाली छोटा स्टूल घेतला तरी फरक पडतो.

आता ज्या चिठ्ठीला लोक बिचकतात ती. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं, आणि मी गुगल केलं तर "डिप्रेशनचं औषध" आलं. परत तेच, मला वेडी ठरवतायत, असं वाटून दोन महिने ती पट्टी फोडली नाही. खरी गोष्ट अशी की डिप्रेशनसाठी त्याचे डोस बरेच मोठे असतात. आयबीएसला रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात होते आणि तेवढ्यात ते आतड्याकडून मेंदूकडे जाणारा वेदनेचा आवाज खाली आणतं. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर केलेला याचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्यांपेक्षा १० ते ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना सहा महिन्यांनी स्पष्ट जास्त आराम होता. तोंड कोरडं पडतं, सकाळी जरा गुंगी राहते, बद्धकोष्ठता वाढू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

शनिवार-रविवारी मुरडा का येत नव्हता, याचं उत्तरही याच रस्त्यावर होतं. खाणं तेच, फक्त लोकल नव्हती. एकदा फजिती झाली की मेंदू ती जागा लक्षात ठेवतो. दिवा आलं की पोट आवळायचं, पोट आवळलं की भीती वाढायची, भीतीने परत कळ. ही साखळी तोडायला मानसोपचारतज्ज्ञांकडची विचार-वर्तन उपचारपद्धती मदत करते. आतड्यावर लक्ष केंद्रित करणारं संमोहनही करते. त्याचा पहिला नीट अभ्यास मँचेस्टरच्या डॉक्टरांनी १९८४ साली छापला होता. मानसोपचाराने फरक पडला म्हणजे आजार मनाचा होता असं ठरत नाही. तार दोन्ही टोकांना जोडलेली आहे, दुरुस्ती कुठल्याही टोकाकडून करता येते.

माझ्यापुरतं मी असं केलं. पंधरा मिनिटं लवकर उठून इसबगोल आणि कोमट पाणी, मग कोरा चहा आणि दोन बिस्किटं, म्हणजे आतड्याला जे हलायचंय ते घरीच हलेल. दोन महिने फास्ट सोडून स्लो गाडी पकडली, कारण दर तीन-चार मिनिटांनी उतरता येईल एवढ्या विश्वासानेच पोट शांत राहायचं. पर्समध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आणि एक जास्तीची सलवार. दिवा आलं की नाकाने श्वास पोटापर्यंत, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. दोन महिन्यांनी परत फास्ट. पहिल्या दिवशी ठाणं आलं तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून ठेवला होता हे मला उतरताना कळलं. ती काही बोलली नाही, हात सोडवलाही नाही.

आयबीएस मुळापासून जाईल असं औषध आज नाही. त्याचा पुढे कॅन्सर होत नाही, त्याने आयुष्य कमी होत नाही, आणि बहुतेकांना तो आटोक्यात ठेवता येतो. माझे आता वर्षातले दोन-तीन आठवडे वाईट जातात, बहुधा मार्चएंडला आणि गणपतीच्या धावपळीत. त्या आठवड्यांत मी मऊ भात आणि मूगडाळीवर येते आणि कालनिर्णयवर परत लिहायला लागते.

एक मात्र आहे. आयबीएस आहे म्हणून पुढच्या प्रत्येक तक्रारीची पावती त्याच्याच नावाने फाडायची नाही. मागच्या वर्षी मला जिना चढताना दम लागायला लागला. मी म्हटलं, खाणं कमी पडत असेल. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन करायला लावलं, ते साडेआठ निघालं, आणि त्यांनी त्याच आठवड्यात कोलोनोस्कोपी लिहून दिली, कारण आयबीएसने रक्त कमी होत नाही. आतडं स्वच्छ निघालं. कारण पाळीतल्या जास्तीच्या रक्तस्रावात सापडलं, गर्भाशयात गाठ होती. तिच्यावर उपचार झाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाने मला बद्धकोष्ठता होते, म्हणून सध्या इसबगोल अर्धा चमचा वाढवला आहे.